वस्ती ते महापालिका: संघटनेचं काम आणि नगरसेवकपद यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिबिरांत, वस्तीतल्या बैठकांत आणि रात्री उशिरा येणाऱ्या फोनवर तरुण मुलंमुली मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी वीसेक वर्षं पुण्यातल्या वस्त्यांमध्ये काम करते, त्यामुळे उदाहरणं बरीचशी पुण्यामुंबईची आहेत. राज्यात 29 महापालिका आहेत. मुंबईचा कारभार 1888 च्या स्वतंत्र कायद्यानं चालतो, बाकी सगळ्यांचा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 नुसार. हा दुसरा कायदा मराठीत मिळतो. तो विकत घ्या आणि जवळ ठेवा.

मला वस्तीत काम करायचं आहे. सुरुवात कशानं करू?

यादीनं. कुठलीही मागणी करायच्या आधी वस्तीची यादी हातात हवी. घरं किती, नळ किती, पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ टिकतं, संडासाच्या किती सीट चालू आणि किती बंद, दिव्याचे खांब किती आणि त्यातले पेटतात किती. ही यादी वस्तीतल्या बायकांनी आणि मुलांनी केलेली असावी, तुम्ही एकट्यानं नव्हे.

माझी पहिली यादी मी एकटीनं केली होती, चार दिवस उन्हात फिरून. बैठकीत ती वाचून दाखवली, तेव्हा मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "बाई, आमची नाल्याकडची गल्ली तुझ्या कागदावर नाहीच." चौदा घरं सुटली होती. वस्तीत सगळ्यात शेवटी पाणी पोचायचं ते त्याच चौदा घरांत. त्या दिवसापासून मी यादी करत नाही, यादी करणाऱ्यांच्या सोबत चालते.

या साध्या कामाची ताकद मोठी आहे. 1985 मध्ये मुंबईत फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. त्याच वर्षी स्पार्क या संस्थेनं भायखळा भागातल्या फुटपाथवरच्या कुटुंबांची मोजणी केली. हे लोक कोण, कुठून आले, काय काम करतात, याचा पहिला नीट हिशेब त्यातून तयार झाला. त्याच ओळखीतून पुढे फुटपाथवरच्या बायकांचं 'महिला मिलन' उभं राहिलं. आधी मोजणी झाली, मग संघटना.

संघटना म्हणजे नोंदणी केलेली संस्था का?

नाही. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी बसणारी पंधरा माणसं, एक वही आणि ठरलेलं काम वाटून घ्यायची सवय, एवढ्यावर संघटना चालते. नोंदणीची घाई केली की पहिल्या महिन्यातच अध्यक्ष कोण आणि खजिनदार कोण यावरून भांडणं लागतात. मी हे अनेकदा पाहिलं आहे.

मात्र नोंदणीचा एक उपयोग फार कमी लोकांना ठाऊक असतो. 1949 च्या कायद्यातल्या कलम 29अ नुसार प्रभाग समितीवर, म्हणजे जवळच्या काही प्रभागांच्या मिळून असलेल्या समितीवर, त्या भागात काम करणाऱ्या संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेता येतात. त्यांना मत नसतं, पण बैठकीत बसता येतं, बोलता येतं आणि कागद पाहता येतात. या जागा कित्येकदा पक्षाच्या कार्यकर्त्यांनीच भरल्या जातात. तुमची संस्था नोंदलेली असेल आणि कामाचा पुरावा असेल, तर या जागेवर हक्कानं अर्ज करा.

समाजसेवा आणि संघटन यांत फरक काय?

वस्तीत पाणी आलं नाही म्हणून तुम्ही ओळखीच्या माणसाला फोन करून टँकर मागवला, तर ती सेवा झाली. त्या दिवशी ती लागतेच, तिला मी कमी लेखत नाही. पण पुढच्या वेळी पाणी गेलं की लोक तुम्हालाच फोन करतील. त्याऐवजी वस्तीतल्या दहा बायका महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात गेल्या, पाणीपुरवठ्याचा कनिष्ठ अभियंता कोण हे त्यांना कळलं, त्यांनी अर्जावर आवक क्रमांक घेतला आणि पंधरा दिवसांनी तो क्रमांक सांगून पुन्हा विचारलं, तर तुम्ही गावी गेलात तरी काम थांबत नाही. संघटकाचं काम म्हणजे इतरांना हे करता येईल अशी वेळ आणणं. त्यात आपलं नाव मागे पडतं. ज्यांना ते सोसत नाही त्यांनी या वाटेला येण्याआधी नीट विचार करावा.

मृणालताई गोरे यांचं उदाहरण सगळे का देतात?

कारण रस्त्यावरचं काम आणि सभागृहातलं काम एकाच आयुष्यात, एकमेकांना न सोडता, कसं करायचं ते त्यांनी दाखवलं. पुढे काही कळलं नाही तरी चालेल, पण त्यांचा प्रवास प्रत्येक नव्या कार्यकर्त्यानं समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

1928 चा जन्म. वैद्यकीय शिक्षण घेत होत्या, ते सोडून समाजवादी चळवळीत आल्या. पती केशव उर्फ बंडू गोरे यांच्यासह गोरेगावात काम सुरू केलं. 1957 मध्ये मुंबई महापालिकेची हद्द गोरेगाव ओलांडून दहिसरपर्यंत वाढली. हद्द वाढली, पण पाणी त्या वेगानं आलं नाही. उपनगर शहरात आलं तरी त्याचे नळ कोरडेच होते. 1958 मध्ये बंडू गोरे गेले. पदरात लहान मुलगी होती. मृणालताईंनी काम थांबवलं नाही आणि 1961 मध्ये त्या महापालिकेवर निवडून आल्या.

त्यांचं नाव 'पाणीवाली बाई' पडलं ते याच काळात. गोरेगावच्या बायकांचे रिकामे हंडे महापालिकेच्या दारात आणि तोच प्रश्न सभागृहात, अशी दोन्हीकडून त्यांनी बाजू लावून धरली. बाहेर मोर्चा नसता तर सभागृहातलं भाषण इतिवृत्तात पडून राहिलं असतं. सभागृहात कुणी नसतं तर मोर्चाची मागणी निवेदनाच्या फायलीत गेली असती.

1972 मध्ये त्या विधानसभेत गेल्या. त्याच सुमारास अहिल्याताई रांगणेकरांसारख्या वेगळ्या पक्षातल्या बायकांना सोबत घेऊन त्यांनी महागाईविरुद्ध आघाडी उघडली, आणि लाटणी घेऊन निघालेले मोर्चे मुंबईनं पाहिले. समाजवादी आणि कम्युनिस्ट बायका एका मंचावर आल्या होत्या, हे मला त्यातलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. रॉकेल आणि तेलाच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला पक्षांमधल्या तात्त्विक वादाशी देणंघेणं नव्हतं. आणीबाणीत मृणालताईंना तुरुंगवास झाला. 1977 मध्ये त्या लोकसभेवर निवडून गेल्या आणि इंदिरा गांधी हरल्या, तेव्हा "पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में" ही घोषणा मुंबईभर गाजली.

खासदार होऊनही त्यांचं मन शहरातच राहिलं. नागरी निवारा परिषदेच्या लढ्यातून गोरेगावच्या दिंडोशी भागात कमी उत्पन्नाच्या हजारो कुटुंबांची घरं उभी राहिली. पुन्हा आमदार झाल्यावर गर्भलिंगनिदानाविरुद्ध त्यांनी विधानसभेत विधेयक मांडलं, आणि त्या चळवळीच्या रेट्यानं महाराष्ट्रानं 1988 मध्ये देशातला त्या विषयावरचा पहिला कायदा केला. 17 जुलै 2012 रोजी त्या गेल्या. ही सगळी कारकीर्द एका उपनगरातल्या नळापासून सुरू झाली होती.

महापालिकेनं ठराव केला म्हणजे काम झालं ना?

दुर्दैवानं नाही. याचं सगळ्यात जुनं आणि मोठं उदाहरण महाडचं आहे. रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव 1923 मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलनं मंजूर केला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. त्यानुसार महाडच्या नगरपालिकेनं 1924 मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं, पण तळ्याकडे जाण्याची कुणाची हिंमत होईना. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागे हजारो माणसं चालत गेली आणि ओंजळीनं पाणी प्यायली, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. त्यानंतर नगरपालिकेनं आपलाच ठराव मागे घेतला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल यायला 1937 उजाडलं.

आजच्या ठरावाचा रस्ता इतका कठीण नाही, पण लांब आहे. ठरावानंतर त्या कामाला अंदाजपत्रकात लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं ठरलेलं खातं, लागतं. मग अभियंता एस्टिमेट करतो, त्याला मान्यता मिळते, टेंडर निघतं, वर्क ऑर्डर होते आणि मग कुदळ पडते. यातल्या कुठल्याही टेबलावर फाईल आठ महिने बसू शकते. शिवाय 1949 च्या कायद्याच्या कलम 451 नुसार राज्य सरकार महापालिकेचा ठराव निलंबित करू शकतं आणि पुढे तो विखंडित, म्हणजे रद्दही होऊ शकतो. म्हणून बैठकीच्या वहीत ठरावाच्या तारखेखाली या पायऱ्या लिहा आणि फाईल आज कुठे आहे ते दर महिन्याला भरा.

महापालिकेत खरी सत्ता कुणाकडे असते? महापौरांकडे का?

महापौरांचा मान मोठा असतो. ते सर्वसाधारण सभेचे अध्यक्ष असतात, नगरसेवक त्यांना आपल्यातून निवडतात आणि त्यांची मुदत अडीच वर्षांची असते. कारभार चालवण्याचा अधिकार मात्र आयुक्तांकडे आहे, आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं. 1998 मध्ये मुंबई आणि नागपूरमध्ये महापौर परिषद, म्हणजे कारभाराचे अधिकार महापौर आणि निवडक नगरसेवकांकडे देणारी पद्धत, आणून हा तोल बदलायचा प्रयत्न झाला होता, तो वर्षभरातच गुंडाळला गेला.

पैशाच्या दृष्टीनं महत्त्वाची जागा म्हणजे स्थायी समिती. 1949 च्या कायद्याखालच्या महापालिकांत तिचे 16 सदस्य असतात आणि दरवर्षी निम्मे निवृत्त होतात. ठरावीक रकमेच्या वरचं टेंडर तिच्या मंजुरीशिवाय पुढे जात नाही. कुणाच्या दारात कुठल्या कामासाठी जायचं हे यावरून ठरतं. दिवा बंद असेल तर क्षेत्रीय कार्यालय, नवी जलवाहिनी हवी असेल तर पाणीपुरवठा विभाग आणि अंदाजपत्रक, धोरण बदलायचं असेल तर सर्वसाधारण सभा आणि आयुक्त दोन्ही. साध्या तक्रारीसाठी महापौरांच्या बंगल्यावर गेलेले लोक हार घालून परत येतात.

अंदाजपत्रक वाचता येत नाही. ते शिकायलाच हवं का?

हवं. मोर्चाच्या घोषणा लिहिता येण्यापेक्षा हे जास्त कामाचं आहे, असं मी आता ठामपणे म्हणते.

मुंबई महापालिकेचं 2025-26 चं अंदाजपत्रक 74,427 कोटी रुपयांचं होतं. पुण्यात त्याच वर्षी प्रशासनानं 12,618 कोटींचं मांडलं. एवढे मोठे आकडे पाहून घाबरायचं नाही. आधी जमेची बाजू पाहा. जकात गेली, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, 2017 पासून जीएसटी आला आणि त्याच्या भरपाईसाठी महापालिका राज्याकडे बघत बसतात. स्वतःच्या हातात उरला मिळकतकर आणि बांधकाम परवानगीतून येणारं शुल्क. म्हणजे शहरात जितक्या इमारती वाढतील तितकं उत्पन्न वाढतं, आणि टेकडी किंवा नदीकाठ वाचवायचा म्हटलं की महापालिकेच्या तिजोरीचाच त्यात अडथळा होतो. हे समजलं की शहराच्या कितीतरी निर्णयांचं कोडं सुटतं.

मग खर्चाची बाजू. आपल्या प्रभागाची कामं कुठल्या लेखाशीर्षाखाली आहेत ते शोधा. पुण्यात नगरसेवकांच्या प्रभागातल्या छोट्या कामांची 'स' यादी असते, तिच्यातली कामं वाचली की नगरसेवकाचं खरं प्राधान्य कळतं: बाक, कमानी आणि नामफलक, की गटारं आणि संडास. वर्षाच्या शेवटी 'वर्गीकरण' नावाचा प्रकार चालतो. एका कामाचे न वापरलेले पैसे दुसऱ्या कामाकडे वळवतात. वस्तीच्या शौचालयासाठी ठेवलेले पैसे फेब्रुवारीत भलत्याच कामाकडे वळलेले मी पाहिले आहेत. त्यावर आरडाओरडा करायचा असेल तर तो विषय स्थायी समितीच्या विषयपत्रिकेवर आहे हे आधी कळायला हवं.

दिव्यांगांसाठी आणि महिला व बालकल्याणासाठी अंदाजपत्रकात पाच-पाच टक्के राखून ठेवायचे असतात. ते खरंच खर्च झाले का, हा प्रश्न माहिती अधिकारात दरवर्षी विचारा. पुण्यात 2006 पासून नागरिकांना आपल्या भागातली कामं अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. अर्ज पावसाळ्याच्या शेवटी घेतात. सोसायट्यांमधले लोक हे अर्ज नियमानं भरतात, वस्त्यांमधून फार कमी येतात. या एका गोष्टीत बदल घडवणं प्रत्येक संघटनेच्या हातात आहे.

संघटना महापालिकेला खरंच काही करायला लावू शकते का? निवडणूक न लढवता?

पुण्यातल्या कचरावेचकांकडे बघा. 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, डॉ. बाबा आढावांसारख्या माणसाचा आधार तिला होता. उकिरड्यावर वाकलेल्या बाईला चोर समजून हाकललं जात होतं, म्हणून पहिली मागणी ओळखपत्राची होती. महापालिकेनं ती मान्य केली. मग संघटनेनं या बायकांमुळे महापालिकेचा कचरा वाहतुकीचा खर्च किती वाचतो ते आकड्यांत मांडलं, आणि आरोग्य विम्याची मागणी त्या हिशेबाच्या जोरावर केली. 2008 मध्ये 'स्वच्छ' या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेशी महापालिकेनं करार केला आणि दारोदारचा कचरा गोळा करणं हे त्यांचं रीतसर काम झालं. तो करार टिकवण्यासाठी त्यांना पुढेही वारंवार झगडावं लागलं. तरी उकिरड्यापासून करारापर्यंतचा हा पल्ला त्यांनी निवडणुकीविना गाठला.

न्यायालयाचाही मार्ग आहे. मुंबईत पाणी हक्क समितीच्या याचिकेवर उच्च न्यायालयानं डिसेंबर 2014 मध्ये सांगितलं, की झोपडी अनधिकृत असली तरी तिथे राहणाऱ्या माणसाचा पाण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो. 2000 नंतरच्या झोपड्यांनाही पाणी देण्याचं धोरण आखायला महापालिकेला भाग पडलं. हा निकाल छापून वस्तीच्या वहीत लावा.

नगरसेवक व्हायला काय पात्रता लागते?

वय किमान 21 आणि त्या महापालिकेच्या मतदार यादीत नाव. राखीव जागेसाठी जातवैधता प्रमाणपत्राची तयारी निवडणूक जाहीर व्हायच्या कितीतरी आधी सुरू करा. सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर अपात्रता येते. महापालिकेच्या ठेक्यात हितसंबंध असेल, किंवा स्वतः अनधिकृत बांधकाम केलं अथवा करायला मदत केली असेल, तरी पद जातं. निवडणुकीचा खर्च मुदतीत सादर केला नाही तर काही वर्षं निवडणूक लढवायला अपात्र ठरवलं जाऊ शकतं, आणि हरलेले उमेदवार नेमके इथेच चुकतात.

पक्षाकडून लढावं की अपक्ष?

इथे मी माझं मत सांगते. वस्तीची संघटना मजबूत असेल तर एका जागेच्या वॉर्डात अपक्ष जिंकता येतं. 2007 मध्ये जुहूत नागरिकांनी चर्चेतून आपला उमेदवार ठरवला आणि निवडून आणला. पण मुंबईबाहेर प्रभागरचना सतत बदलत राहिली आहे: 2002 मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग, 2007 मध्ये एक, 2012 मध्ये दोन, 2017 मध्ये चार. चार सदस्यांच्या प्रभागात मतदारसंख्या इतकी मोठी होते की एका वस्तीचा कार्यकर्ता बाकीच्या भागात अनोळखी ठरतो. मोठ्या प्रभागानं छोट्या माणसाची वाट अडवली आहे, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

पक्षात जायचं ठरलं तर तिकिटाच्या आधी जा, तिकिटासाठी जाऊ नका. आणि संघटना पक्षाला बांधू नका. वस्तीत वेगवेगळ्या पक्षांना मत देणारी माणसं असतात. नळ सगळ्यांना लागतो.

निम्म्या जागा महिलांना आहेत. पण कारभार नवरेच करतात ना?

2011 च्या कायदादुरुस्तीनं निम्म्या जागा महिलांसाठी राखीव झाल्या. सुरुवातीला काही ठिकाणी नवरा, दीर, मुलगा बैठकांना येऊन बसायचे, अजूनही बसतात. पण हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी सांगते, की बचत गटातून, अंगणवाडीतून, पाण्याच्या मोर्चातून आलेल्या बायका पहिल्या वर्षी गप्प असतात आणि तिसऱ्या वर्षी उपसूचना, म्हणजे ठरावात बदल सुचवणाऱ्या सूचना, मांडतात. त्यांना पहिली दोन वर्षं सोबत हवी असते. संघटनेतल्या दोघीतिघींनी तिच्याबरोबर विषयपत्रिका आदल्या रात्री वाचावी, सभेच्या दिवशी तिच्या मुलांना सांभाळावं. एवढ्यानं फार फरक पडतो.

यावर पोट भरतं का?

नगरसेवकाच्या मानधनावर नाही. 2017 मध्ये मानधन वाढलं तेव्हा मुंबईत महिना 25 हजार आणि पुण्यात 20 हजार रुपये झालं. रोज दारात येणारी माणसं, त्यांचा चहा, हॉस्पिटलच्या फेऱ्या यांत ते संपतं. पद पाच वर्षांचं असतं, आणि पुढच्या वेळी सोडतीत तुमच्या प्रभागाचं आरक्षणच बदलू शकतं. त्यामुळे स्वतःचा धंदा, शिकवणी, वकिली, काहीतरी चालू ठेवा.

पगारी काम हवं असेल तर महापालिकांच्या समाज विकास विभागात समूह संघटक, समूह संघटिका अशी पदं असतात, बहुधा कंत्राटी. नगरपरिषदांचे मुख्याधिकारी एमपीएससीमधून येतात आणि छोट्या शहरात ते खूप काही करू शकतात. वस्तीत काम केलेल्या मुलांनी ही परीक्षा द्यावी असं मी आवर्जून सांगते. खुर्चीवरच्या माणसाला संडासाच्या रांगेत उभं राहिल्याचा अनुभव असेल, तर त्याचं टिपण वेगळं होतं.

समाजकार्याची पदवी लागते का?

लागत नाही, उपयोग होतो. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था इथे रीतसर शिक्षण मिळतं. महापालिकेचा कारभार शिकायचा असेल तर अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेचे अभ्यासक्रम आहेत. पैसे नसतील तर एक वर्ष दर महिन्याला सर्वसाधारण सभा प्रेक्षक गॅलरीत बसून ऐका. त्याला फी नाही.

2022 नंतर नगरसेवकच नव्हते. त्या काळात कामं कशी झाली?

मार्च 2022 मध्ये मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि निवडणूक झाली ती थेट 15 जानेवारी 2026 रोजी. मध्ये जवळपास चार वर्षं नगरसेवकांऐवजी राज्य सरकारनं नेमलेले प्रशासक कारभार बघत होते. काही ठिकाणी फाईली भराभर हलल्या, हे खरं आहे. पण कुठल्या कामाला नाही म्हटलं आणि का, हे विचारण्याची जागाच बंद झाली. आमच्या बायका म्हणायच्या, "आधी निदान भांडायला माणूस होता." ज्या वस्त्यांत यादी, वही आणि बैठक चालू होती, त्यांनी महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या लोकशाही दिनात अर्ज टाकून, माहिती अधिकार वापरून आपलं काम चालू ठेवलं. जिथे सगळं नगरसेवकाच्या फोनवर चालायचं, तिथे चार वर्षं शांतता होती.

निवडून आलो तर पहिल्या वर्षी काय करावं?

आठवड्यातून एक दिवस वस्तीतल्या त्याच जुन्या बैठकीत जाऊन बसा, आणि खुर्ची मागू नका. कायद्यात 2009 पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे, म्हणजे नगरसेवकानं आपल्या भागातल्या मतदारांना बोलावून हिशेब द्यायचा. ती जवळजवळ कुठेच नीट होत नाही. तुम्ही घ्या. कुणी सक्ती केली नाही तरी घ्या.

सभागृहात एकटं पडायची भीती सगळ्यांना असते. जोतीराव फुले 1876 पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा विषय आला, तेव्हा तो पैसा शिक्षणावर लावा म्हणून विरोधात मत देणारे ते एकटेच होते.

वस्तीतलेच लोक उलटले तर?

उलटतात. जातीवरून, बिल्डरच्या माणसानं दिलेल्या पाकिटावरून, कधी नुसत्या गैरसमजावरून. पुनर्वसनाचा विषय आला की सगळ्यात जास्त. अशा वेळी हिशेब उघडा असेल तर निभावतं: वर्गणी किती जमली, रिक्षाला किती गेले, झेरॉक्सला किती. मी पाच रुपयांची पावतीसुद्धा वहीत चिकटवते. आणि रागावून गेलेल्या माणसाच्या घरी नळाला पाणी येत नसेल, तर त्याचंही नाव अर्जात घालते.

पहिल्या बैठकीला किती लोक आले म्हणजे पुरे?

सात-आठ. त्यांत निम्म्या बायका असाव्यात. बैठक पाणी यायच्या वेळेला ठेवू नका, कारण त्या वेळी कुणीच येणार नाही. रात्री साडेआठनंतर, जेवणं उरकल्यावर, समाजमंदिराच्या पायरीवर बसा. मोठी वही न्या, शंभर पानी पुरत नाही. पहिल्या पानावर तारीख आणि आलेल्यांची नावं लिहा, आणि नाल्याकडच्या गल्लीतून कुणी आलं आहे का ते आधी बघा.